इंजिनाला पाणी

आधी पाणी, मग दोरी.
चुन्यानं लिहिलंय मी भिंतीवर,
पुराच्या खुणेच्या बरोब्बर खाली,
एक वाचताना दुसरी दिसावी म्हणून.

हरिपुरात आमच्या गल्लीला नळ येतो पहाटे पावणेसहाला,
सव्वासातला घशात खरखर करून जातो.
तेवढ्यात पिंप, हंडे, दोन म्हशी,
आणि महिन्याच्या दुसऱ्या रविवारी
मंडळाच्या बोटीचं पंचवीस घोड्यांचं इंजिन,
आमच्या परड्यात, बाभळीच्या एका घोडीवर.

अविराज पंखा सोडवून पाटीत ठेवतो.
"मामी, गिअर टाकायचाच न्हाई, तर पंखा काढायचा कशाला?"
शेळीचं करडू विचारून येत नाही, बाबा.
आणि तुझा हातही.

मग ती रबराची दोन कानं.
पाणी ओढायच्या जाळ्यांवर दोन्हीकडून बसवायची,
पोराला कानटोपी घालावी तशी, चापून.
त्यात बागेची हिरवी नळी.
बाग म्हणजे एक जास्वंद आणि मोरीकडेचं अळू;
नळी मात्र पन्नास फुटांची.

नळ सोडला की कानांतून पाणी गळतं. गळू दे.
गिअर मधोमध आहे ना? परत बघ.
आता ओढ.

तिसऱ्या हिसक्याला खोकतं, निळा धूर सोडतं.
(म्हणून पत्र्याच्या शेडमध्ये नाही. उघड्यावर.)
आणि आम्ही बघत राहतो त्या बारीक भोकाकडे,
श्वास धरून,
धार येईस्तोवर.
"मुतलं, मामी!"
मुतलं. कोमट, सरळ, सुताच्या दोऱ्यासारखं.
रेस वाढवू नको. नळाचं पाणी आहे हे, नदी नव्हे.
तसं पाहिलं तर नदीच आहे,
पंपानं उपसून, गाळून, वासाची पूड टाकून
तोंडी लावण्यापुरती घरी आलेली.

हे खाटेवर बसून कान लावतात.
डावा हात गेला, वल्हं गेलं, कान राहिले.
सूर बसला की उजव्या हाताचं एक बोट वर करतात.

त्या वर्षी मिरजेच्या दवाखान्यातून आणलं यांना,
तेव्हा तोंडातून शब्द फुटत नव्हता.
फक्त परड्याकडे बघायचे.
दुपार होती. नळ कोरडा.
म्हटलं, एकदाच. आवाज तेवढा ऐकवू.
ओढली दोरी.
किती वेळ? मी मोजला नाही.
हे हसले, एका बाजूनं. मीही हसले.
आत जास्वंदीएवढं एक रबरी चक्र
पाण्यावाचून घासत होतं, ते कुणाला दिसलं?

श्रावणात पाणी गल्लीत शिरलं.
गौराक्काच्या घरासमोर इंजिन तापलं आणि गप्प झालं.
अविराजनं परातीनं वल्हवत सात माणसं काढली.
आठवी गौराक्का.
बोट परत जाईपर्यंत अंधार पडला, ओढ वाढली.
रात्रभर कौलांवर बसली ती, कोंबडी पदरात धरून.
सकाळी उतरली आणि पहिल्यांदा मला विचारलं,
"चहा हाय का?"

मिस्त्रीनं चक्र काढून दाखवलं, पाकळ्या वितळलेल्या.
"कोणी कोरडं चालवलं?"
सगळ्यांनी अविराजकडे बघितलं.
मी चहाची कपं गोळा केली.

दहा मिनिटं झाली. बोट वर आहे.
आता उलटं: आधी इंजिन बंद, मग पाणी.
हे भिंतीवर लिहिलेलं नाही, हे मी तोंडानं सांगते,
दर वेळी, आणि अविराज मान हलवतो,
पोरगा अजून मान वर करून कधी बोलला नाही मला.
कानं काढली. इंजिन उभंच ठेवायचं,
आतलं पाणी थेंबाथेंबानं उतरतंय तोवर.

इतक्यात नळ खरखरला, गेला.
गौराक्का रिकामी घागर घेऊन फाटकात:
"आजबी माझं पाणी तुझ्या इंजिनानंच पिलं की गं."

मी माझा भरलेला हंडा उचलला,
तिच्या घागरीत ओतायला लागले.
"बास, बास," ती म्हणाली, "सांडतंय."
मी ओततच होते.