गळती : नाही

एकतीस वर्षं, रात्री दीड ते पहाटे पाच,
लोखंडी सळईचं एक टोक रस्त्याला टेकवून
दुसरं कानाशी धरून
मी जमिनीखालचं पाणी ऐकलं.
मस्टरवर माझं काम दोन शब्दांचं : गळती शोधणे.
तडकलेला पाइप शीळ घालतो,
सैल सांधा झोपेत दात खाल्ल्यासारखा करकरतो,
आणि चोरून जोडलेली नळी
अगदी गप्प असते, त्यावरूनच कळते.

आता कन्नमवार नगरच्या खोलीत, शिलाई मशीनच्या जागी,
दोन फुटी काचेची टाकी.
निवृत्तीनिमित्त भाच्यानं दिलेली.
रेती, दोन दगड, एक हिरवी काडी, पाणी.
आठवड्यात पाणी बोटभर उतरलं.

मी खुणेची पट्टी चिकटवली. दुसऱ्या दिवशी पाणी पट्टीच्या खाली.
टाकीखाली वर्तमानपत्र घातलं. कोरडं.
कडेकडेनं तांदळाचं पीठ भुरभुरलं. कोरडं.
शेवटी शालन बघत असताना
काचेला कान लावला.
पंपाची गुणगुण, बस्स.
ती म्हणाली, पंखा दिवसभर चारवर असतो,
कपडे वाळतात तसं वाळतंय ते.

एवढंच.
सगळ्या वॉर्डाचं हिशेबात न बसणारं पाणी
ज्यानं कानानं पकडलं
त्याला हे सुचलं नाही.

कुर्ल्याला इद्रिसच्या दुकानात
पिशव्यांत फुगून टांगलेले मासे.
तो म्हणाला, काका, उडतं ते नुसतं पाणी,
क्षार, घाण सब अंदर.
वरून भरत राहाल तर टाकी भरलेली दिसेल,
पाणी मात्र म्हातारं होत जाईल.
उडालं तेवढं फिल्टरचं घाला, तांब्यातांब्यानं,
आणि रविवारी एक बादली काढा, एक बादली नवं घाला.
सगळं बदलू नका हां,
जे दिसत नाही ते मरतं.

मग मासे?
महिनाभर थांबा. आधी पाणी पिकू द्या.
रोज चिमूटभर खाणं टाका.
मासे नसताना?
मासे नसताना.

पाणी येतं आणि जातं, चार वीसला येतं,
पाच पन्नासला जातं, एवढंच मला ठाऊक.
पिकतं, हे नव्हतं ठाऊक.
महिनाभर रोज सकाळी
कुणी नसलेल्या टाकीत मी दाणे टाकले.
शेजारचे बागवे दारातून बघून गेले,
शालनला हळूच विचारलं, बरे आहेत ना?
निवृत्तीनंतर कुणी फोन केला की
मी म्हणायचो, चाललंय.
चहा, पेपर, झोप, चहा.
नुसतं वरून भरणं.

शनिवारी रात्री बादली भरून उघडी ठेवतो.
ज्या वासाला आम्ही शुद्ध म्हणायचो
तो क्लोरीनचा वास रात्रभरात निघून जावा म्हणून.
रविवारी नळीचं टोक तोंडात धरून ओढतो,
एखादा घोट पोटात जातोच,
रेतीवरचा गाळ हलकेच उचलतो.
ते जुनं पाणी शालन कुणाला देत नाही,
म्हणते, हे माझ्या कढीपत्त्याचं.
गॅलरीत कढीपत्त्याला सात नवे फुटवे.
मोजले तिनेच.

पाचव्या आठवड्यात सहा मासे आणले,
रुपयाच्या नाण्याएवढे.
पिशवी तासभर तशीच तरंगत ठेवली.
मग गाठ सोडली.
एक जण बराच वेळ पिशवीतच थांबला.

आजही चार वीसला जाग येते.
जिन्यातला पाइप खोकतो, मग भरभरून वाहतो,
पाय आपोआप चपला शोधतात.
मग अंधारात टाकीपाशी येऊन उभा राहतो.
पट्टीपासून पाणी अर्धं बोट खाली.
कान लावत नाही.
खात्याची जुनी कोरी वही आहे एक,
तिच्यात रकाने आधीच छापलेले :

घट : सव्वा लिटर.
गळती : नाही.
शेरा : पंखा आता तीनवर.