झावखान उठत नाही

रात्री दोन वाजता दवाखान्यांवरचा भार सगळ्यात कमी असतो,
असं आलेख सांगतो.
आलेखाला बाळंतपणं माहीत नाहीत.
तरी दोनच ठरलेत.

उलानबातर, चौथा मजला, मार्च.
खिडकीच्या फटीत वर्तमानपत्र कोंबलंय,
पण कोळशाचा धूर आत यायचा तो येतोच,
आणि खारट चहावर साय धरते.
पडद्यावर एकवीस ओळी, एकवीस प्रांत,
प्रत्येक ओळीमागे एक खोली, जी मी कधी पाहिलेली नाही.

एक कळ दाबली की एकवीस ठिकाणी एकदम
काहीतरी उतरायला लागतं.
सहा वर्षं झाली, अजून बोट जरा थांबतं.
माझा बाप होव्दला ट्रक घेऊन जायचा,
चार दिवसांची वाट,
आणि पोचल्याची तार सहाव्या दिवशी.
आई मधले दोन दिवस
काही न बोलता कणीक मळत राहायची.

अपडेट उतरला. आता रीबूट.
यंत्र मलाच कळवतं, की मी बंद होतंय,
आणि जातं.
ती दीड मिनिटं ते कुठेच नसतं.
पुस्तकात या दीड मिनिटाबद्दल एकच ओळ आहे:
प्रतीक्षा करा.

दोर्नोद आलं. हिरवं.
दक्षिण गोबी, नेहमीसारखं शहाण्या पोरागत, लगेच.
उव्स. बुलगान. सेलेंगे.
होव्द रेंगाळत आलं; तिथे अजून एकच वाजलाय,
चालायचंच.
वीस.
झावखान नाही.

हाक मारायची एक आज्ञा असते. चार हाका मारल्या.
चार पाठवल्या, शून्य परत.
पुन्हा चार.
मग मी ते केलं जे कन्सोल आल्यापासून
करावं लागू नये असं ठरलं होतं:
फोन उचलला.

"झोपलो नव्हतो," चोइजिल गुआई आधी हेच म्हणाले.
"सर्व्हरच्या खोलीत जा जरा."
"तिथेच आहे."
"रात्री अडीचला?"
"इथे ऊब असते," ते म्हणाले,
आणि त्यांच्या मागे कुणीतरी बें केलं.

मी काहीच विचारलं नाही. त्यांनीच सांगितलं.
सहा आहेत. एक आज संध्याकाळचं, अजून नीट उभं राहत नाही.
बाहेर उणे एकतीस. बाहेर ठेवलं असतं
तर सकाळी नुसतं कातडं उचलावं लागलं असतं.
पंख्यांच्या आवाजाला सरावली होती पोरं,
आवाज थांबला तशी सगळी एकदम उठली,
धावाधाव,
कुणाच्या तरी पायात वायर.

"काळी, जाड, दिसते का?"
"दिसते. ओली आहे."
"कशानं?"
त्यावर ते गप्प.
"पुसा," मी म्हटलं, "आधी पुसा. चांगली कोरडी.
हात पण पुसा. मग लावा."
बाह्या सरसावल्याचा आवाज. शिवी, हळू आवाजात, कोकराला.
मग सातशे-आठशे किलोमीटरवरून
पंखे सुरू झालेले मी कानाने ऐकले.
पडद्यावर यायला अजून दीड मिनिट होतं.
दोघंही बोललो नाही,
फोन मात्र कुणी ठेवला नाही.
बेंबें विरळ होत गेली.

हिरवं.

नोंदवहीत कारणासाठी चार रकाने आहेत:
वीज, नेटवर्क, यंत्रबिघाड, इतर.
मी "वीज" वर खूण केली. खोटं नाही ते.
वरच्यांनी विचारलं तर वायर सैल होती,
आणि होतीच.

पुढचा अपडेट एप्रिलच्या अकराला.
यादीत झावखानपुढे मोकळी जागा होती,
तिथे लिहून ठेवलं:
आधी फोन करणे.
पंखे फार वेळ बंद ठेवू नयेत.