तीन चमचे

रुकय्या मुजावरनं दिलं,
डायलिसिसच्या खोलीत, दह्याच्या रिकाम्या डब्यात,
बोटभर, हिरवं, अंगावर पांढरे पट्टे.
"काका, हे सहसा मरत नाही. फक्त लाड करू नका."
मंदानं घरी आल्या आल्या नाव ठेवलं,
कोरफडीची नात.

पहिलं आम्ही सव्वा महिन्यात मारलं.
तुळशीला घालून तांब्यात उरेल ते ह्याला.
उपटलं तर मूळ शिजल्या कांद्यासारखं हातात आलं,
वास गटारीचा.
मंदा म्हणाली, अहो, रोज तर घालत होते.
दाखल्यावर कारण लिहायची वेळ आली असती
तर तेच लिहावं लागलं असतं.

बुडाशी एक पिल्लू होतं, हरभऱ्याएवढं.
नव्या डब्याला तापल्या सुईनं पाच भोकं पाडली.
माती थोडी, विटेचा चुरा जास्त,
आणि कोपऱ्यावरच्या बांधकामातून मूठभर वाळू.
गवंडी म्हणाला, काका, एवढ्यात काय बांधताय?

आता काडेपेटीतली काडी मातीत खुपसून बघतो.
माती चिकटून आली तर तांब्या जागच्या जागी.
मग पान अंगठ्यानं दाबायचं.
घट्ट लागलं, तर आपण गप्प बसायचं.

रुकय्या माझा घोटा असाच दाबते.
अंगठा उचलला तरी खळगा तसाच राहतो.
ती माझ्याकडे बघते, मी पंख्याकडे.
"कलिंगड?"
"एकच फोड."
"काका."

मिरजेला एकतीस वर्षं मी पाणी सोडलं.
पहाटे साडेतीनला खांद्यावर लोखंडी चावी,
खड्ड्यात वाकून मोजायचं,
सात आटे पेठेला,
अकरा आटे स्टेशनपलीकडच्या चढाला.
बायका घागरी आपटायच्या, कमी आलं,
नगरसेवक फोन करायचे, कमी आलं.
जास्त आलं म्हणून भांडायला
एकतीस वर्षांत कोणी आलं नाही.
मला दिवसाला एक लिटर आता,
चहा, आमटी, गोळ्यांवरचा घोट धरून.
घरी कोणी आलं की मंदा आधी पाणी आणते.
पाहुणे गटागटा पितात,
मी त्यांच्या गळ्याची घाटी वर-खाली होताना बघतो.
अर्धा पेला तसाच ठेवून काहीजण उठतात.
त्यांचा मला फार राग येतो.

चैत्रात ह्यानं पानं मिटली,
टोकं तांबूस झाली.
मंदा दोनदा तांब्या घेऊन खिडकीशी गेली
आणि दोनदा परत आली,
दुसऱ्यांदा पदर तोंडाला लावून.
मी पेपर वाचत होतो.
पेपर कालचा होता.
रुकय्याला फोटो दाखवला. ती म्हणाली,
निजलंय ते. उन्हाळ्यात निजतं. उठवू नका.

पंधरवड्यातून एकदा त्याची पाळी.
माझ्या लिटरातलेच तीन चमचे देतो.
मंदा म्हणते, टाकी भरलीय की वर, हे काय भलतंच.
भरलीय. मला माहीत आहे.
वहीत लिहितो:
चहा अर्धा कप. आमटी एक वाटी. गोळी दोन घोट.
झाड तीन चमचे.
शुक्रवारी वही तपासताना रुकय्याचं बोट थांबलं.
"हे काय?"
म्हटलं, गळती.

गळती शोधायला आम्ही रात्री रस्त्याला सळई टेकवायचो
आणि वरच्या टोकाला कान.
गाव झोपलेलं, कुत्रीसुद्धा,
आणि खाली कुठेतरी पाणी बोलत असायचं.

चमचा ठेवून डबा कानाशी धरतो.
विटेचा चुरा पाणी पितो तेव्हा
बारीक तडतडतो, क्षणभरच.
मंदा स्वयंपाकघरातून विचारते,
काय ऐकताय?

पोचलं, म्हणतो.