पुनवेला अजून चार दिवस

इनासियोच्या तावेर्नात सगुण मास्तर
फेणीत बोट बुडवून टेबलावर नकाशा काढायचे.
हा आपला गोवा, एक ठिपका.
हे लिस्बन, टेबलाच्या पार त्या कडेला.
इथे हात टाकला की नाटो उठणार,
नाटो उठली की रशिया गप्प बसेल?
इकडे पाकिस्तान, वर चीन...
आणि चीनपर्यंत बोट पोचेस्तोवर
गोव्याचा ठिपका उडून गेलेला असायचा,
नुसता वास राहायचा.
मास्तर पुन्हा बोट बुडवत.
इनासियो पाटीवर खडूची एक रेघ वाढवी.

मी नऊ वर्षांची, बाबांना शोधत आलेली.
बाबा दारातच उभे. आत बसणाऱ्यांतले ते नव्हेत.
खाजणाचे राखणदार ते:
भरतीला मानशीचं दार नीट मिटतं ना,
ओहोटीला शेतातलं पाणी सुटतं ना,
कुर्ल्यांनी बांध कुठे पोखरला,
एवढंच बघायचं, रात्री दोनलासुद्धा.

"तुका कितें दिसता, म्हाबळू? पसरतलें?"
बाबा म्हणाले, "बांद पळोवंक जाय."
सगळे हसले.
मलाही थोडी लाज वाटली.

पुलाखाली सुरुंग भरणारा पोर्तुगीज पोरगा
त्याच संध्याकाळी आमची कळशी परत करायला आला.
घासून आणली होती, आईपेक्षा लख्ख.
"ओब्रिगाद" म्हणाला, आणि उंबऱ्याशी उगाच थांबला,
काही विचारायचं असल्यासारखा.
पसरेल का, हेच असेल.
नाहीतर नुसतं पाणी हवं असेल अजून.

एकादशीला बाणस्तारीचा पूल उडाला.
उतरंडीतलं खालचं मडकं तडकलं, वरची तशीच.
दुसऱ्या दिवशी रात्रीपर्यंत सगळं संपलंसुद्धा.
नाटो उठली नाही. रशियाला उठावं लागलं नाही.
लोक झेंडे घेऊन पणजीला गेले,
मिळेल त्या होडीने, गात.
मास्तरही गेले,
आनंदात, आणि जरासे हिरमुसलेले.
एवढी मोठी मांडणी, आणि कुणी आलंच नाही.

बाबा बांधावर अनवाणी चालत होते.
मानशीपासून वीस पावलांवर वाकले,
चिखलाचं बोट जिभेला लावलं,
थुंकले.
केसाएवढी चीर. पुलाच्या हादऱ्याची.
पुनवेला दोन दिवस उरलेले,
आणि गावात चिखल उचलायला माणूस नाही.
आई, मी, इनासियोची म्हातारी पियेदाद,
पाट्यांमागून पाट्या.
पियेदाद मारियेचं नाव घेई, आई शांतादुर्गेचं,
चिखल एकच.

पुनवेच्या रात्री बांध गेला.
आवाज झाला नाही. तोफेला असतो, पाण्याला नसतो.
सकाळी वायंगणाचा कोवळा तरवा
खाऱ्या पाण्याखाली हिरवाच दिसत होता,
पण सात घरांची शेतं एक झाली होती.
तीन वर्षं तिथे कोरगूटसुद्धा रुजला नाही,
मिठात वाढणारा भात तो.

पुढच्या वर्षी चीन आला. वरून, बर्फातून,
मास्तरांच्या बोटाने कधी न काढलेल्या वाटेने.
हे तेच पाणी की दुसरं,
मास्तरांना शेवटपर्यंत सांगता आलं नाही.
ते तावेर्नात यायचे,
पण पेल्यात बोट बुडवत नसत.

आता कुणाचं सैन्य कुणाच्या हद्दीत शिरलं
की टीव्हीवर काचेचे नकाशे उजळतात,
बाण सुटतात, लाल, जाडजूड. ते मात्र उडून जात नाहीत.
माझा भाचा गौरीश बहारीनजवळ टगबोटीवर आहे.
रात्री फोन करतो. मागे इंजिनाची घरघर.
"मावशी, तुम्ही बघितलंय ना एक. पसरेल का गं हे?"

काय सांगू, आमचं पसरलं नाही म्हणून?
इतिहासाच्या पुस्तकात तसंच आहे, आणि ते खरंही आहे.
"जेवलास का?" मी विचारते,
आणि तो काय जेवला ते सांगत असताना
भिंतीवरच्या कॅलेंडरात बघते,
पुनव कधी आहे.