डबीच्या तळाशी

यांदेच्या गालांवर वांग उठले
ते तिसऱ्या बाळंतपणानंतर,
कुणी चहा सांडावा
आणि पुसायचं विसरून जावं तसे.
मी म्हटलं, आरशात बघितलंस का गं?
हे मी म्हणायला नको होतं.
आमच्या बेटावर आरसे लहान
आणि धाकट्या बहिणींची तोंडं मोठी.

पुलापलीकडे, जोआलच्या बाजारात,
डबीसुद्धा मीच घेतली. पंधराशे फ्रँक.
झाकणावर एक बाई होती, तिला सावली नव्हती.
विकणारी म्हणाली, पंधरा दिवस, फार तर वीस.
तिचा चेहरा पिकल्या पपईचा,
बोटांची पेरं मात्र काळीच राहिलेली.
पैसे देताना मला ती दिसली.
तरी दिले.

आणि पंधरा दिवसांत खरंच.
यांदे रविवारी चर्चमध्ये पहिल्या बाकावर बसली,
ताठ मानेनं, मागे न बघता,
कारण मागचे बघतायत हे तिला ठाऊक होतं.
तिच्या नवऱ्यानं,
ज्याला कालवणात मीठ नाही हेही कळत नाही,
विचारलं, आज काय वेगळं आहे?

पण आमचं काम ओहोटीचं.
पाणी मागे सरलं की कमरेत वाकायचं,
चिखलातून शिंपल्या वेचायच्या.
वरून ऊन, खालून ऊन,
खाडी म्हणजे उताणा पडलेला आरसा,
आणि हा मात्र लहान नव्हे.
सोलून पातळ झालेल्या कातडीला
ते कसं झोंबतं
यांदेनं सांगितलं नाही. टोपली भरत राहिली.

वांग परत आले.
एकटे नाही आले.
राखेसारखे, निळसर,
डोळ्यांखाली, कानाजवळ,
जिथे आधी कधी काहीच नव्हतं.

दवाखान्यातल्या थिआव नर्सनं डबी हुंगली,
उलटी केली, मजकूर शोधला.
गुलाबाची फुलं होती नुसती.
ती ओरडली नाही. ओरडली असती तर बरं.
म्हणाली, हे बंद. उन्हाचं मलम लावा, जाड,
आणि मोठी टोपी.
सहा महिने लागतील, कदाचित वर्ष,
कदाचित थोडे राहतीलही.
'थोडे' म्हणताना तिनं यांदेकडे नाही,
माझ्याकडे पाहिलं.

आता यांदे नवऱ्याची ताडपानांची टोपी घालून
चिखलात उतरते, नाकावर पांढरा लेप.
पोरं तिला बगळी म्हणतात,
ती एक पाय वर घेऊन दाखवते.
डबी तिनं टाकली नाही.
फळीवर आहे, झाकण घट्ट,
आत काय ठेवलंय मी विचारलेलं नाही.

परवा माझ्या उजव्या गालावर
मसुराएवढा एक.
मी पदराच्या टोकानं घासला, चिखल असेल म्हणून.
यांदे बघत होती.
काही बोलली नाही.
भरतीला अजून तासभर होता,
टोपली अर्धी.