टाचणी

सव्वीस वर्षं मी या सभागृहाचा आवाज सांभाळतो.
बाहेर ॲबरडीनचा ग्रॅनाइट, आत लाकडी छत,
मागच्या कोपऱ्यात माझी काचेची खोली:
बटणं, खटके, निवलेला चहा.
पदवीदानाच्या दिवशी काम एकच,
आवाज चढवायचा.
बॅगपाइप दारातून शिरला की अंगावर काटा यावा,
टाळ्या छताला लागाव्यात.
लागायच्या.
कधी एखादी खुर्ची रिकामी राहायची,
नाव पुकारलं जायचं, कुणी उठायचं नाही.
आम्ही म्हणायचो, बोट चुकली असेल.

मार्चमध्ये ती आली, सभागृह आधी बघून ठेवायला.
ओस्ला लॉरेन्सन, शेटलंडची.
अभ्यासाचा विषय: दगडफूल,
वर्षाला एखादा मिलिमीटर वाढणारं.
कानावरचे हेडफोन तिने क्षणभर काढले,
वर पाहिलं, आणि म्हणाली,
"तिसरी ट्यूब गुणगुणतेय."
मी म्हणालो, छे.
ती गेल्यावर शिडी लावली, कान लावला.
होती.
डासासारखी, बारीक, न थांबणारी.

त्या रात्री मला घरातला फ्रिज ऐकू आला.
मग घड्याळ.
मग शेजाऱ्यांचं घड्याळ.
बायको म्हणाली, काय होतंय?
म्हटलं, काही नाही गं, ऐकू येतंय.

जुलैतला गुरुवार, सकाळी दहा,
पदवीधर एकतीस.
"समारंभ आहे की वाचनालय?"
एक प्राध्यापक जिन्यात म्हणालेच.
जीनने गाऊनांची मानेवरची लेबलं
रात्री बसून उसवली, एकतीस लेबलं,
बशीत ठेवली होती, सोललेल्या लसणीसारखी.
हस्तांदोलन नको असेल
त्याने हात पाठीमागे बांधावेत, एवढंच ठरलं.
बॅगपाइपवाला इवान आधी रुसला,
मग पूर्ण पोशाखात लॉनवर उभा राहिला,
वाद्य काखेत, मुकं,
झोपलेलं पोर धरावं तसं.

एका हाताने टाळी वाजत नाही म्हणतात.
दोन हात असून वाजवायची नाही
हे किती अवघड, ते मी काचेतून पाहिलं.
लोक तळवे मांडीखाली दाबून बसलेले.
नाव झालं की हात वर, बोटं हलायची,
वाऱ्यात बार्लीचं शेत हलावं तशी,
आणि सळसळ बाह्यांची, तेवढीच.
टाचणी पडली तरी ऐकू येईल म्हणतात ना,
तर पडली.
कुणाच्या तरी हूडची.
सगळं सभागृह तिच्याकडे वळलं,
जणू तीही पदवी घ्यायला आली होती.

ओस्लाचा बाप, मॅग्नी, सामनच्या पिंजऱ्यांवर कामाला.
रात्रभर बोटीत जागा, डोळे लाल,
पंजे फावड्याएवढे.
तिचं नाव हळू घेतलं गेलं.
ती चालू लागली.
आणि तो विसरला.
एकच टाळी.
बंदुकीसारखी.
लगेच त्याने डाव्या हाताने उजवा पकडला,
सुटलेला मासा पकडावा तसा.

माझा हात खटक्यावर गेला.
पण त्या आवाजाला माझ्याकडे खटका नव्हता.

ती मंचाच्या मधोमध थांबली.
खांदे कानांपर्यंत चढलेले, डोळे मिटलेले.
मी मोजत होतो, नऊपर्यंत आलो होतो.
मग खांदे उतरले.
तिने बापाला शोधलं, सहाव्या रांगेत,
आणि माइकशिवाय, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली,
"एक चालेल, बाबा."

दुपारी दोनला दुसरा समारंभ, नेहमीचा.
इवान आत आला, सकाळचंही वाजवून घेतलं त्याने.
मी खटका जुन्या खुणेपर्यंत नेला,
आणि दोन रेघा खाली आणला.
कुणाला कळलं नाही.
किंवा कुणाला कळलं असेल, तर तो
आपल्या खुर्चीत बसून राहिला.