दाराखालची पाचर

टकोमाच्या उतारावर सहा खाटांचं घर.
परवाना दर्शनी भिंतीवर, नियमाप्रमाणे,
फ्रेमची काच अजून ओली. म्हणजे
मला गाडी लावताना कुणीतरी पाहिलंय.

लुमिनित्सा अर्देलान कॉफी विचारते. मी नको म्हणते.
सतरा वर्षं या कामात
कुणाच्या घरचा घोट घेतला नाही.
नळाखाली थर्मामीटर धरते: एकशे चौदा. चालेल.
एकशे वीसच्या वर गेलं
की म्हातारी कातडी दुधावरच्या सायीसारखी निघून येते.
औषधांचं कपाट कुलूपबंद,
किल्ली तिच्या गळ्यात, क्रुसाला लागून.

चौथ्या खोलीपाशी थांबते.
राग्नहिल्ड टोर्विक, वय एक्याण्णव.
दार सताड उघडं, खाली लाकडी पाचर,
तिच्या नवऱ्याने कधीतरी मासेमारीच्या बोटीवर तासलेली,
हाताळून हाताळून काळी पडलेली.

'आगरोधक दार आपोआप मिटले पाहिजे.
अडवून ठेवणे: उल्लंघन.'
पेन माझं, अक्षर माझं.

लुमिनित्सा हळूच म्हणते, दार मिटलं की ती रात्रभर ओरडते,
कडी लावली, कडी लावली.
त्या दाराला कडीच नाही.

मी तिला दुसऱ्या एका घराचं सांगत नाही.
तिथे दाराला टेलिफोन डिरेक्टरी लावलेली होती.
मी दुसऱ्या दिवशी गेले होते.
कमरेच्या वर भिंत कोळशासारखी,
कमरेखाली वॉलपेपरची पिवळी फुलं
जशीच्या तशी.

मग कवायत. भोंग्याचं बटण मीच दाबते.
दोन व्हीलचेअर, एक वॉकर,
मिस्टर पुलियम एकाच पायात बूट घालून
आजोळी निघाल्यासारखे खुशीत.
पाच जण टपालपेटीपाशी, दोन मिनिटं पन्नास.
राग्नहिल्ड कुठाय?

आत धावते.
ती जमिनीवर, गुडघे टेकून,
पाचर उपटते आहे. निघत नाही.
'आधी दार लावायचं,' भोंग्याच्या वर आवाज चढवून मला सांगते,
जशी मीच नवी नोकर,
'मग पळायचं. बोटीवर शिकवलंय आम्हाला.
मागे राहिलेत त्यांना धग लागते.'

मीही टेकते गुडघे.
दोघींच्या जोराने ती निघते एकदाची,
दार मिटतं,
आणि त्या बारीकशा खटक्याला
तिची नखं माझ्या मनगटात.

चार मिनिटं एकेचाळीस.
मर्यादा पाच.

उल्लंघन तरी लिहितेच. तीस दिवसांची मुदत.
लोहचुंबकाचा धारक बसवा, सांगते,
दार उघडं राहील, भोंगा वाजला की सुटेल.
लुमिनित्सा कॅलेंडरच्या मागे आकडे मांडते,
सहा दारं, त्यात वायरमनची मजुरी,
मांडते, खोडते,
एका दारावर येऊन थांबते.
'एक चालेल?'
'नापास झालंय ते एकच,' मी म्हणते.

पुलापाशी लाल दिवा. टोलची चिल्लर शोधायला
कोटाच्या खिशात हात घालते
तर पाचर.

अहवालात सोबत आणलेल्या वस्तूंचा रकाना नाही.
आज रात्री तिच्या दाराला काय लावतील?
बूट, बहुतेक. पुलियमचा, उजव्या पायाचा.

आमच्या भेटी न कळवता असतात, तसा नियमच आहे.
मागची गाडी हॉर्न देते.
मी तिथूनच फोन लावते:
येतेय परत. दहा मिनिटांत.